लिमा ते कुस्को : सव्वा तासाचं विमान

गेल्या आठवड्यात ओपीडीत एक जोडपं आलं. दोघंही साठीच्या पुढची, बँकेतून निवृत्त झालेली. दक्षिण अमेरिकेच्या सहलीचे पैसे भरून झाले होते आणि प्रवासासाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. काकांनी सगळा अभ्यास केला होता. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, "डॉक्टर, मुंबईहून लिमाला पोचेपर्यंत जीव नकोसा होतो म्हणतात. सगळं धरून दीड दिवस. पण एकदा लिमा गाठलं की पुढे काही नाही. लिमा ते कुस्को सहाशे किलोमीटरसुद्धा नाही. सव्वा तासाचं विमान. आपलं पुणे-नागपूर समजा."

काकांचे आकडे अगदी बरोबर होते. लिमा ही पेरू देशाची राजधानी, समुद्रकाठचं शहर. कुस्को ही इंका राजांची जुनी राजधानी, माचू पिचूला जाणारा जवळजवळ प्रत्येक प्रवासी तिथूनच पुढे जातो. दोन्हींमधलं हवाई अंतर साधारण 585 किलोमीटर आहे. पुणे-नागपूर हवाई अंतरही जवळपास तेवढंच. विमानाला सव्वा तास लागतो, फार तर दहा मिनिटं जास्त. रस्त्याने मात्र हेच अंतर 1,100 किलोमीटरच्या आसपास होतं आणि बसला वीस तासांहून अधिक वेळ लागतो. अशा वेळी विमान सोडून बसने कोण जाईल?

मी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. हेच आकडे काही वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसलेल्या एका पेशंटने मला ऐकवले होते, आणि त्यावर मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. ही गोष्ट मी प्रवासाला निघालेल्या पेशंटना तोंडी सांगत असतो, पण इथे कधी लिहिली नव्हती. त्या दोघांची परवानगी घेऊन आज लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील तेवढे बदलले आहेत.

कोरोनाच्या आधीची गोष्ट. ते शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, वय 66. त्यांच्या पत्नीही शिक्षिका होत्या. मी त्यांना सर आणि बाई असंच म्हणतो, सगळं गाव म्हणतं. सरांना बीपीची एक गोळी चालू होती, बाकी तब्येत ठणठणीत. रोज सकाळी पाच किलोमीटर चालणारा माणूस. ईसीजी, शुगर, क्रिएटिनिन सगळं व्यवस्थित होतं. सर्टिफिकेट लिहिताना मला काळजी वाटत होती ती लांब विमानप्रवासाची. पंधरा-सोळा तास पाय लोंबकळत ठेवून बसलं की पोटरीतल्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होऊ शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून मी वीस मिनिटं खर्च करून सगळं समजावलं. घट्ट मोजे कुठले घ्यायचे, दर दोन तासांनी उठून फेरी मारायची, पाणी प्यायचं, दारू नको, झोपेची गोळी नको. बाईंनी वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

उठता उठता सर म्हणाले, "आणि लिमाहून पुढे कुस्कोला जायचंय, पण ते सव्वा तासाचंच आहे."

मी म्हणालो, "त्याचं काय! नागपूरला जाऊन आल्यासारखं."

हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. मी अंतर ऐकलं, वेळ ऐकली आणि माझ्या डोक्यात गणित पूर्ण झालं. लहान प्रवास म्हणजे लहान धोका. कुस्को किती उंचावर आहे हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही.

लिमाचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम 34 मीटर उंच आहे. (त्याला होर्हे चावेज या पेरूच्या वैमानिकाचं नाव दिलंय. 1910 साली आल्प्स पर्वत विमानाने ओलांडणारा हा पहिला माणूस. पर्वत ओलांडला, पण उतरताना विमान कोसळलं आणि चारच दिवसांत तो गेला. उंचीवर मात करून उतरताना घात झालेल्या माणसाचं नाव या विमानतळाला असावं, याचं मला नेहमी नवल वाटतं.) कुस्कोचा विमानतळ 3,310 मीटरवर आहे आणि शहर साधारण 3,400 मीटरवर. आपलं महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी कुस्को शंभर मीटर वरच राहील. आणि एवढी उंची माणूस खुर्चीत बसून, ज्यूस पीत, सव्वा तासात चढतो.

सर आणि बाई दुपारी कुस्कोला उतरले. पहिल्या संध्याकाळी दोघांचंही डोकं दुखत होतं, जेवण जात नव्हतं. हॉटेलात सगळ्यांना कोकाच्या पानांचा चहा दिला. टूर लीडर म्हणाला, याला इथे सोरोचे म्हणतात, सगळ्यांना होतं, उद्या बरं वाटेल. बाईंना खरंच दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. सर मात्र दुसऱ्या दिवशी गटाबरोबर शहराच्या वरच्या अंगाला असलेला इंकांचा सॅकसायवामान किल्ला बघायला चढून गेले आणि येताना फार मागे पडले. रोज पाच किलोमीटर चालणारे सर, म्हणून बाईंना ते खटकलं. रात्री कोरडा खोकला सुरू झाला. थंडी बाधली असेल म्हणून झोपले.

त्या दिवशी आपल्याकडे दुपारचे दीड वाजले होते. पेरू आपल्या साडेदहा तास मागे आहे, म्हणजे तिथे पहाटेचे तीन. मी शेवटचा पेशंट बघून उठत होतो. बाईंचा फोन आला. अगदी शांत आवाज, वर्गात हजेरी घ्यावी तसा. "डॉक्टर, ह्यांना आडवं होता येत नाहीये. आडवे झाले की खोकला येतो, मग उठून बसतात. बसल्यावरही धाप आहे. खोलीतल्या खोलीत बाथरूमपर्यंत गेले तर दोन वेळा थांबले."

मी विचारलं, "छातीत दुखतंय का?" नाही. "ताप?" अंग थोडं कोमट लागतंय. "ओठ बघा. नखं बघा." बाईंनी दिवा लावला असावा. थोड्या वेळाने म्हणाल्या, "जांभळट दिसतायत. आणि छातीशी कान नेला तर आतून पाणी उकळल्यासारखा आवाज येतो."

तेव्हा मला कळलं. आणि त्याच क्षणी आपण काय म्हणालो होतो तेही आठवलं. मी त्यांना सांगितलं, "बाई, आत्ताच्या आत्ता रिसेप्शनला सांगून ऑक्सिजन मागवा आणि दवाखान्यात न्या. सकाळची वाट बघू नका. सरांना एक पाऊलही चालवू नका. आणि ऐका, उद्याचं माचू पिचू रद्द. मिळेल त्या पहिल्या विमानाने लिमाला परत जायचं, ऑक्सिजन लावून."

सर मागून काहीतरी म्हणत होते. बाईंनी सांगितलं, "म्हणतायत, एवढे पैसे भरलेत, सकाळपर्यंत बघू." मग माझ्या उत्तराची वाट न बघता त्या त्यांना म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा." फोन ठेवला गेला.

तिथल्या दवाखान्यात बोटाला ऑक्सिमीटर लावला तेव्हा आकडा 66 होता. कुस्कोत नव्याने आलेल्या धडधाकट माणसाचाही आकडा 90 च्या आसपास किंवा थोडा खालीच असतो, पण 66 म्हणजे धोक्याची घंटा. तिथल्या डॉक्टरांना याची सवय आहे, त्यांनी एक्स-रे बघून लगेच निदान केलं, ऑक्सिजन आणि औषधं सुरू केली आणि तब्येत स्थिरावताच त्यांना लिमाला पाठवलं. लिमाला पोचल्यावर सरांचा श्वास जवळजवळ तासागणिक सुधारत गेला. दोन दिवसांनी ते समुद्रकाठी बाकावर बसले होते, असं बाईंनी कळवलं. ज्या सव्वा तासाने आजार दिला त्याच सव्वा तासाने बरा केला.

आता हे असं का होतं ते सांगतो. अनेकांना वाटतं की उंचावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कमी असतं. तसं नाही. मुंबईत हवेत 21 टक्के ऑक्सिजन आहे तसा कुस्कोतही 21 टक्केच आहे. कमी होतो तो हवेचा दाब. आपल्या डोक्यावर हवेचा जो थर आहे त्याचं वजन खालच्या हवेला दाबून दाट करतं. वर गेलं की थर कमी, म्हणून हवा विरळ. कुस्कोला हा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. म्हणजे एका श्वासात छाती भरते तेवढीच, पण आत जाणारा ऑक्सिजन एक तृतीयांशाने कमी. तिथे पाणीसुद्धा 100 ऐवजी 89 अंशांच्या आसपासच उकळतं, कारण हेच.

विमानातली एक गंमत तर मला फार उशिरा कळली. विमान दहा किलोमीटर उंचीवरून उडत असलं तरी केबिनमध्ये हवा भरून दाब वाढवलेला असतो. आत बसलेल्या माणसाला साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवर बसल्यासारखं असतं. मुंबईला उतरताना हा दाब हळूहळू वाढवतात, म्हणून कानांना दडे बसतात. कुस्कोला याच्या उलट करावं लागतं. धावपट्टीच 3,310 मीटरवर असल्यामुळे विमान खाली येत असताना केबिनमधली हवा आणखी विरळ करत न्यावी लागते. खिडकीतून तुम्हाला दिसतं की आपण उतरतोय, पण तुमचं शरीर त्या वेळी चढत असतं.

शरीराला हे जमत नाही असं नाही. वेळ दिला तर छान जमतं. विरळ हवेत गेल्यावर काही मिनिटांतच आपण नकळत जास्त आणि खोल श्वास घेऊ लागतो. पण जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू म्हणतो, पुरे आता, श्वास कमी करा. एक पाय ॲक्सिलरेटरवर, दुसरा ब्रेकवर. ही ओढाताण रात्री झोपेत सगळ्यात जास्त असते. पहिल्या रात्री शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास वाढत जातो, मग काही सेकंद थांबतोच, मग दचकून पुन्हा सुरू होतो. बघणारा घाबरतो. हे बरंच सर्रास आहे आणि सहसा धोक्याचं नसतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं लघवीवाटे जास्तीचा क्षार बाहेर टाकतात आणि ब्रेक सुटतो. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. थोडक्यात, शरीराच्या घड्याळात या प्रवासाला दिवस लागतात. विमानाला सव्वा तास.

या ओढाताणीत डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणं, थकवा, झोप न लागणं हे होतं. तो साधा उंचीचा आजार, तिथला सोरोचे. विश्रांती घेतली आणि आणखी वर गेलो नाही तर एक-दोन दिवसांत जातो. पण काहींच्या बाबतीत गोष्ट पुढे जाते. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. सगळ्या सारख्या आकसल्या तर एक वेळ ठीक, पण त्या कमीजास्त आकसतात. मग ज्या भागातल्या उघड्या राहतात तिथे रक्ताचा लोंढा जातो, दाब वाढतो आणि पाणी पाझरून फुप्फुसात साठतं. सरांना झालं ते हेच. यात जंतूंचा संबंध नाही, हृदयही बिघडलेलं नसतं. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री हे गाठतं, म्हणजे 'पहिला दिवस तर बरा गेला' असं आपण म्हणत असतो तेव्हा. तसंच पाणी मेंदूत साठलं तर माणूस झोकांड्या खात चालतो, असंबद्ध बोलतो, अतिझोपेत जातो. दोन्ही प्रकारांत तास मोलाचे असतात आणि खरा उपाय एकच, खाली उतरणं.

ही माहिती नवीन नाही, म्हणून मला माझीच जास्त लाज वाटते. होसे दे अकोस्ता नावाचा स्पॅनिश पाद्री सोळाव्या शतकात पेरूमधला पारियाकाका डोंगर ओलांडताना उलट्यांनी इतका हैराण झाला की आता मरतो असं त्याला वाटलं. 1590 साली छापलेल्या पुस्तकात त्याने याचं कारण लिहिलं, इथली हवा माणसाच्या श्वासाला पुरेल एवढी दाट नाही. तो बिचारा विमानाने गेला नव्हता, तरी ही गत. फुप्फुसात पाणी साठण्याचा प्रकार पेरूच्याच अल्बर्टो उर्तादो या डॉक्टरांनी 1937 मध्ये नोंदवला. आणि आपल्या देशाला तर याची मोठी किंमत मोजावी लागली आहे. 1962 च्या युद्धात मैदानातले जवान घाईघाईने हिमालयात पोचवावे लागले. लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंचीचा आजार झालेल्या 1,925 जवानांचा अभ्यास 1969 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केला. तरुण, तंदुरुस्त, निवडून घेतलेले जवान होते ते. फिटनेसचा इथे उपयोग होत नाही, हे त्यात दिसतं. उलट फिट माणूस जास्त धावपळ करतो आणि जास्त अडचणीत येतो, सरांसारखा.

फुटबॉलवाल्यांना विचारा. शेजारच्या बोलिव्हियात ला पाझ शहरातलं मैदान साधारण 3,600 मीटरवर आहे. 1 एप्रिल 2009 रोजी मॅराडोना प्रशिक्षक असलेला अर्जेंटिनाचा संघ, मेस्सीसकट, तिथे 6-1 असा हरला.

ला पाझचा विषय निघालाच आहे तर सांगतो. लिमा ते ला पाझ हवाई अंतर सुमारे 1,080 किलोमीटर, विमानाला दोन तासांच्या आसपास. पण तिथला विमानतळ एल आल्टो या भागात तब्बल 4,061 मीटरवर आहे. आता याच्या शेजारी आरेकिपा ठेवून बघा. पेरूमधलंच हे सुंदर शहर लिमापासून सुमारे 765 किलोमीटर, म्हणजे कुस्कोपेक्षा लांब. विमानाचा वेळही थोडा जास्तच. पण उंची 2,335 मीटर, त्यामुळे बहुतेकांना तिथे फारसा त्रास होत नाही. जे जवळ ते सोपं, हा आपला हिशेब अँडीज पर्वतात चालत नाही. आणि कोणी म्हणेल मग बसने जातो, तर तेही फार शहाणपणाचं नाही. नास्का-अबांकायवरून जाणारा तो रस्ता वाटेत 4,000 मीटरच्या वर चढतो, आणि वीस तास म्हणजे शरीराच्या दृष्टीने काहीच नव्हेत. वाटेत मुक्काम केले तर गोष्ट वेगळी.

म्हणून मी आता किलोमीटर आणि तास विचारत नाही. एकच विचारतो, रोज रात्री झोपणार कुठे? दिवसा थोडं वर जाऊन आलात तर शरीर सांभाळून घेतं, रात्री झोपण्याची उंची महत्त्वाची. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर थांबावं, असा डोंगरातल्या डॉक्टरांचा नियम आहे. लिमाहून थेट कुस्को म्हणजे पहिल्याच उडीत हा नियम धाब्यावर.

काकांच्या कार्यक्रमपत्रिकेत लिमानंतर कुस्कोत तीन रात्री, मग माचू पिचू असं होतं. तुमच्याकडेही बहुधा असंच असेल. पण मजा अशी की माचू पिचू कुस्कोपेक्षा खाली आहे, 2,430 मीटरवर. त्याच्या पायथ्याचं गाव तर 2,040 वर. कुस्कोजवळच्या नदीखोऱ्यात, ज्याला सेक्रेड व्हॅली म्हणतात, तिथलं उरुबांबा 2,870 आणि ओयांतायताम्बो 2,790 मीटरवर आहे. म्हणजे विमानतळावरून शहरात न जाता गाडीने सरळ खोऱ्यात उतरायचं (वाटेत चिंचेरोजवळ रस्ता थोडा वर चढतो, पण तेवढ्यापुरताच), दोन रात्री तिथे काढायच्या, मग माचू पिचू बघायचं आणि कुस्को शेवटी. ठिकाणं तीच, हॉटेलच्या रात्रीही तेवढ्याच, क्रम फक्त उलटा. टूरवाल्यांना आधी सांगितलं तर बरेच जण करून देतात. वेळ असेल तर आधी आरेकिपाला दोन-तीन रात्री काढून मग विमानाने कुस्को.

औषधाचं सांगतो. ॲसिटाझोलामाइड, ज्याला लोक डायमॉक्स म्हणून ओळखतात, ते मूत्रपिंडांचं ते क्षार बाहेर टाकण्याचं काम लवकर करून देतं. सहसा 125 मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून वर पोचल्यावर दोन-तीन दिवसांपर्यंत देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, सोडा-कोल्ड्रिंकची चव बेचव लागते. घाबरू नका. पण सल्फाच्या औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल तर आधी बोला. शेजाऱ्यांनी लेहला नेली होती ती उरलेली पट्टी घेऊन जाऊ नका. (लेहही साधारण 3,500 मीटरवर आहे. दिल्लीहून विमानाने लेहला जाणाऱ्यांनी हा सगळा लेख लेहचं नाव घालून वाचावा.) आणि गोळी घेतली म्हणजे कवच मिळालं असंही नाही.

कोकाच्या चहाबद्दल हमखास विचारतात. तिथले लोक पिढ्यान् पिढ्या पितात, गरम पाणी पोटात जातं, बरं वाटतं. उंचीचा आजार त्याने टळतो असं समजू नका. पण त्याची पाकिटं भेट म्हणून भारतात आणू नका, कोकाची पानं आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात बसतात. तिथल्या औषधाच्या दुकानांत सोरोचेच्या गोळ्या मिळतात, त्यांत प्रामुख्याने ॲस्पिरिन आणि कॅफिन असतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. ऑक्सिजनचे छोटे डबे मिळतात, त्याने दहा मिनिटं हुशारी वाटते. पहिले दोन दिवस दारू आणि झोपेची गोळी पूर्ण बंद, कारण दोन्ही श्वास मंदावतात.

काही जणांनी मात्र आधी तपासून, सविस्तर बोलूनच ठरवावं. अलीकडे हार्ट अटॅक आलेले किंवा हृदयाचं पंपिंग कमी असलेले, फुप्फुसाचा जुना आजार असलेले, फुप्फुसातला रक्तदाब वाढलेले, गरोदर स्त्रिया, पूर्वी उंचावर त्रास झालेले. आणि एक गट आपल्या महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, सिकलसेलचा. विदर्भात आणि नंदुरबारकडे अनेक घरांत सिकलसेल आहे. ज्यांच्यात तो फक्त वाहक स्वरूपात आहे त्यांना एरवी काही त्रास नसतो, कित्येकांना माहीतही नसतं. पण अशा उंचीवर त्यांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून डाव्या बरगडीखाली भयंकर दुखू शकतं. घरात कोणाला सिकलसेल असेल तर स्वतःची तपासणी करून घ्या, ती साधी आणि स्वस्त आहे.

वर पोचल्यावर ऑक्सिमीटर जवळ असू द्या, कोरोनामुळे तो घरोघरी आहेच. पण नुसत्या आकड्याकडे बघत बसू नका. 88 आकडा असलेला माणूस हसत जेवत असेल तर तो ठीक आहे. बसल्या जागी धाप लागणं, आडवं झाल्यावर खोकला, ओठ जांभळे, सरळ रेषेत चालता न येणं, बोलण्यात गोंधळ, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही आणि भरलेल्या पैशांचा विचार करायचा नाही.

सर आणि बाईंनी माचू पिचू बघितलंच नाही. परत आल्यावर सर बीपी तपासायला आले तेव्हा काहीच बोलले नाहीत, उलट तिथल्या डॉक्टरांनी दिलेला एक्स-रे मला दाखवायला कौतुकाने घेऊन आले. बाईंनी पर्समधून ती वही काढली. मी सांगितलेलं सगळं नंबर घालून लिहिलेलं होतं. त्या म्हणाल्या, "मोजे, पाणी, फेऱ्या, सगळं आहे यात. उंचीचं कुठे लिहायचं राहिलं का माझ्याकडून, ते बघत होते." मी म्हणालो, "तुमच्याकडून नाही राहिलं, बाई."

परवाच्या जोडप्याला मी सर्टिफिकेट त्या दिवशी दिलं नाही. काकूंची चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली आहे, आधी टू-डी इको आणि ट्रेडमिल करून आणा म्हणालो. काका थोडे नाराज झाले. मग मी प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे त्यांच्या सहलीच्या अकरा रात्री एकाखाली एक लिहिल्या आणि समोर प्रत्येक मुक्कामाची उंची लिहायला त्यांनाच सांगितलं. मोबाइलवर बघून ते लिहू लागले. लिमा, 150. लिमा, 150. तिसऱ्या ओळीला कुस्को लिहून त्यांनी आकडा टाकला, चष्मा वर करून पुन्हा मोबाइल बघितला आणि काकूंना म्हणाले, "अगं, हे टूरवाल्यांना फोन करून बदलता येतंय का बघायला हवं." रिपोर्ट घेऊन ते शनिवारी येणार आहेत. तुम्हीही जाणार असाल तर हा कागद घरूनच करून आणा, प्रत्येक रात्रीपुढे गावाचं नाव आणि उंची. किलोमीटर लिहायची गरज नाही.